सरोगसी पैशाने, सरोगसी नात्याने, की दत्तक? निर्णयापुढे उभ्या असलेल्या जोडप्यांसाठी तुलनात्मक आढावा

गर्भ पोटात वाढवणे पत्नीला शक्य होणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर लातूर, नांदेड, बीड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जोडप्यापुढे साधारण तीन वाटा उरतात. पहिली वाट अशी की घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या स्त्रीने मोबदला न घेता त्यांचे मूल आपल्या पोटात वाढवावे. दुसरी, हेच काम पैसे देऊन करून घ्यावे. ही वाट आपल्या देशात कायद्याने बंद असली तरी परदेशात काही ठिकाणी उघड आहे, आणि इथेही तिच्याविषयी दबक्या आवाजात सुचवणारे भेटतात. तिसरी वाट दत्तकाची. खर्च, यशाची शक्यता आणि औषधे यांविषयी डॉक्टर बोलतीलच. या तिन्ही वाटा नीतीच्या दृष्टीने एकमेकींशेजारी ठेवल्या तर कशा दिसतात, एवढाच या आढाव्याचा विषय आहे.

या विषयावरची बहुतेक चर्चा ‘पैसा वाईट, माया चांगली’ अशा सरळ विभागणीने सुरू होते आणि तिथेच संपते. ही विभागणी मला अपुरी वाटते. ज्या स्त्रीच्या शरीरातून मूल येणार आहे तिला ‘नको’ म्हणता येते का, ते कधीपर्यंत म्हणता येते, आणि म्हटल्यावर तिच्या घराला, नात्याला किंवा पोटापाण्याला धक्का लागतो का, हे प्रश्न मी आधी विचारतो. पैसा आहे की नाही हा त्यानंतरचा प्रश्न आहे. मराठवाड्यात राहणाऱ्याला हा क्रम समजायला जड जाऊ नये, कारण गरजेपोटी आणि भिडेपोटी दिलेला होकार आपण दोन्ही रूपांत पाहत आलो आहोत.

कायद्याची चौकट

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याने व्यावसायिक सरोगसीवर बंदी घातली आणि केवळ परोपकारी सरोगसीला मुभा ठेवली, म्हणजे वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमांत ठरवलेला इतर खर्च यांपलीकडे सरोगेट मातेला कोणत्याही रूपात मोबदला देता येत नाही. पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे लागते. आधीचे हयात मूल नसावे, मग ते पोटचे असो, दत्तक असो की सरोगसीने झालेले. मूल अपंग असेल किंवा त्याला बरा न होणारा जीवघेणा आजार असेल, तर मात्र अपवाद होऊ शकतो. कायदा येण्यापूर्वीच ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते त्यांना ही वयोमर्यादा लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही ही वाट खुली आहे, परंतु तिला स्त्रीबीज स्वतःचेच वापरावे लागते. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लग्नाविना एकत्र राहणारे आणि समलिंगी जोडपे यांना कायद्याने बाहेर ठेवले आहे. हे वगळणे मला पटत नाही, पण निर्णय घेणाऱ्याला आज आहे तो कायदा धरूनच चालावे लागते.

सरोगेट होणाऱ्या स्त्रीसाठीच्या अटी याहून महत्त्वाच्या आहेत. तिचे लग्न झालेले असावे, तिला स्वतःचे मूल असावे, भ्रूणरोपणाच्या दिवशी तिचे वय २५ ते ३५ दरम्यान असावे, आयुष्यात एकदाच तिने हे करावे, आणि स्त्रीबीज तिचे नसावे. रोपणाचे प्रयत्न तीनपेक्षा जास्त करता येत नाहीत. प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींसाठी तिचा ३६ महिन्यांचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. प्रक्रियेचे सगळे परिणाम समजावून सांगून, तिला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यावी लागते, आणि गर्भाशयात भ्रूण ठेवण्याच्या क्षणापर्यंत ती संमती तिला मागे घेता येते. हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे, कारण पुढच्या तुलनेचा बराच भार त्याच्यावर आहे.

सरोगेट स्त्री जवळची नातेवाईकच असली पाहिजे, अशी अट आधीच्या विधेयकात होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने २०२० मध्ये ती काढण्याची शिफारस केली आणि आजच्या कायद्यात ‘इच्छुक स्त्री’ असे शब्द आहेत. व्यवहारात मात्र पैसे न घेता हा भार उचलायला अनोळखी बाई येत नाही, त्यामुळे शोध पुन्हा घरातच येऊन थांबतो.

पैशाची वाट

या वाटेच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद आधी मांडायला हवा, कारण तो सहसा चेष्टेवारी नेला जातो. सरोगसीच्या एका प्रक्रियेत स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा, औषध कंपनी, विमा कंपनी आणि वकील या सर्वांची बिले निघतात आणि ती कुणालाही गैर वाटत नाहीत. जिच्या शरीरात नऊ महिने ते मूल वाढते, जी संप्रेरकांच्या गोळ्या आणि इंजेक्शने घेते, जिला सिझरच्या टाक्यांसह घरी परतायचे असते, तिनेच तेवढे निरिच्छ असावे अशी अपेक्षा असते. बाईच्या शेतातल्या आणि घरातल्या कामाला दाम नसण्याची ज्या समाजाला सवय झाली आहे, त्या समाजाला गर्भारपणही फुकटच पवित्र वाटावे, हे फार सोयीचे आहे. आरोग्य खात्याशी संबंधित संसदीय स्थायी समितीने २०१७ मधील आपल्या अहवालात हाच आक्षेप घेतला होता, आणि केवळ परोपकाराऐवजी बुडालेल्या मजुरीसह योग्य भरपाई देणारी सरोगसी असावी, अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही.

दुसरी बाजू गुजरातमधील आणंदच्या अनुभवातून दिसते. २००५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे आली, पण त्यांना कायद्याचे बळ नव्हते. त्या मोकळ्या जागेत आणंद हे सरोगसीचे जगभर ठाऊक असलेले केंद्र बनले. गरीब घरातल्या स्त्रिया नऊ महिने केंद्राच्या वसतिगृहात घरापासून दूर राहत, अनेकींना वाचताही न येणाऱ्या इंग्रजी करारांवर सह्या करत, आणि एवढ्या रकमेतून घर बांधता येईल, मुलांचे शिक्षण होईल, या हिशेबाने परत जात. हिशेब बऱ्याचदा खराही ठरे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र करार मोडायचा झाला तर त्या बाईकडे काय होते, या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते. विधी आयोगाने २००९ च्या २२८व्या अहवालात व्यावसायिक सरोगसीला मनाई आणि परोपकारी सरोगसीला परवानगी सुचवली. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांसाठी भारताचे दार बंद झाले.

या ठिकाणी मला ऊसतोडीची उचल आठवल्याशिवाय राहत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून हंगामाआधी आगाऊ रक्कम घेते आणि मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर ती फेडत राहते. उचल घेताना कुणी त्यांचा हात धरून अंगठा उमटवून घेत नाही, त्यामुळे कागदावर सगळे स्वेच्छेचे असते. प्रत्यक्षात रक्कम खर्च झालेली असते, दिवस चुकला तर खाड्याचे पैसे कापले जातात, आणि आजारी पडणे परवडत नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे उघडकीस आल्यानंतर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या स्त्रियांनीही संमती दिलेलीच होती. होकाराखाली सही असणे आणि होकारामागे पर्याय असणे या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते, हे याहून ठळकपणे आपल्या भागात कुठे दिसणार?

मात्र ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. गरिबी हेच कारण धरून गरीब बाईच्या प्रत्येक निर्णयाला खोटा ठरवणे, म्हणजे तिला निर्णयच घेता येत नाही असे म्हणणे. ऊसतोडीवर कुणी बंदी मागत नाही. मागणी असते ती उचलीची पकड सैल करण्याची, मुकादमावर नियंत्रण आणण्याची आणि दवाखान्याची सोय करण्याची. सरोगसीबाबतही तीच रीत का नसावी, याचे उत्तर बंदीच्या समर्थकांनी दिले पाहिजे. माझ्या मते त्याचे एकच वजनदार उत्तर आहे, ते असे की गर्भारपण मध्येच सोडून घरी येता येत नाही. फड सोडून पळून आलेला मजूर कर्जात अडकतो, पण त्याचे शरीर त्याचे असते. सहाव्या महिन्यात मन बदललेल्या सरोगेट स्त्रीला बाहेर पडायला दारच नसते. म्हणून इथे पैशाची पकड इतर मजुरीपेक्षा खोल जाते, आणि भरपाई द्यायची झाली तर ती रोपण झाले, मूल झाले किंवा न झाले, तरी मिळणारी असली पाहिजे. ‘मूल हातात आल्यावर उरलेली रक्कम’ अशा टप्प्यांचा करार बाईच्या श्रमाला नाही, तर बाळाला किंमत लावतो. या दोन प्रकारच्या व्यवहारांना एकाच नावाने ओळखणे ही चर्चेतली मोठी गफलत आहे.

परदेशी जाऊन ही वाट चोखाळायचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथले कायदे पाहता पाहता बदलतात. थायलंडने आणि नेपाळने २०१५ मध्ये, कंबोडियाने २०१६ मध्ये परदेशी ग्राहकांची ही बाजारपेठ बंद केली, आणि इटलीने २०२४ मध्ये आपल्या नागरिकांनी परदेशात केलेली सरोगसीही गुन्हा ठरवली. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा युक्रेनमध्ये सरोगसीने जन्मलेली कित्येक बाळे कीव्हमधील तळघरांत दायांच्या हाती होती आणि त्यांचे आईबाप सीमेपलीकडे अडकले होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियासारख्या राज्यात स्वतंत्र वकील आणि स्पष्ट न्यायालयीन आदेश यांमुळे सरोगेट स्त्रीची बाजू पुष्कळ सुरक्षित असते, पण तिथला खर्च मराठवाड्यातील फार थोड्या कुटुंबांना झेपणारा आहे. स्वस्त देश निवडणे याचा अर्थ बहुधा जिथे बाईचे संरक्षण कमी आहे तो देश निवडणे असाच होतो.

उरतो तो इथल्या इथे, गुपचूप व्यवहार. कागदावर परोपकार आणि पाकिटात रक्कम. नीतीच्या दृष्टीने तिन्ही वाटांच्या सर्व प्रकारांत हा प्रकार मी सर्वांत खाली ठेवतो, आणि त्याचे कारण केवळ कायदाभंग नाही. यात पैशाची पकड पूर्णपणे राहते आणि कराराचे संरक्षण मात्र शून्य होते. ठरलेली रक्कम मिळाली नाही, प्रसूतीनंतर रक्तस्राव होऊन महिनाभर दवाखान्यात राहावे लागले, गर्भ टिकला नाही, तर ती बाई कुणाकडे दाद मागणार? व्यावसायिक सरोगसी चालवणाऱ्यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ती करवून घेणारे जोडपेही शिक्षेतून सुटत नाही. शिवाय अशा प्रकरणात त्या स्त्रीवर तिच्या पतीने, जोडप्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम आहे. विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

नात्याची वाट

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण देणाऱ्याला सावध करते. आपल्याकडे जाऊ, नणंद, भावजय किंवा धाकटी बहीण सरोगेट व्हायला तयार होते तेव्हा तिच्या होकारात माया किती आणि भीड किती, हे तिलाही नेमके सांगता येत नाही. थोरल्या जावेला मूल नाही, सासूबाई रोज एकदा तरी डोळ्यांना पदर लावतात, जमीन अजून वाटून घेतलेली नाही, धाकट्या दिराची नोकरी थोरल्याच्या ओळखीने लागलेली आहे. अशा घरात ‘तू नाही म्हणणार नाहीस, हे आम्हाला ठाऊक आहे’ हे वाक्य कुणी उच्चारावेही लागत नाही. पैशाच्या व्यवहारात व्यवहार संपल्यावर दोन्ही बाजू मोकळ्या होतात. नात्यातल्या व्यवहारात जिने मूल वाढवून दिले तिचे उपकार आणि जिने ते घेतले तिचे मिंधेपण एकाच छताखाली पुढची तीस-चाळीस वर्षे नांदायचे असते.

म्हणूनच परोपकारी सरोगसी आपोआप निर्मळ, असे मी मानत नाही. कायद्याने इथे दबाव ओळखण्याची साधने दिली आहेत, पण ती रक्कम शोधण्यासाठी जितकी सरसावतात तितकी भीड शोधण्यासाठी सरसावत नाहीत. जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून जोडप्याचे प्रमाणपत्र निघते, सरोगेट स्त्रीच्या शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र निघते, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून मुलाच्या पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश मिळतो. या सर्व खिडक्यांपुढे ती बाई बहुधा घरच्यांच्या सोबतीने उभी असते. सासू बाहेरच्या बाकावर बसलेली असताना विचारलेल्या ‘तुमची इच्छा आहे ना?’ या प्रश्नाचे एकच उत्तर येते.

तरीही या वाटेचे खरे गुण आहेत. बाळाला जन्म देणारी बाई बाळाच्या आयुष्यात राहते, तिच्या तब्येतीची चौकशी पुढेही होत राहते, आणि काही बिघडले तर घर तिच्या मागे उभे राहण्याची शक्यता अनोळखी ग्राहकापेक्षा जास्त असते. दोन बहिणी एकमेकींच्या फार जवळच्या आहेत, सरोगेट होणारी आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे, तिचे आणि तिच्या नवऱ्याचे घर वेगळे आहे, तिची स्वतःची बाळंतपणे सुखरूप झाली आहेत, आणि हा विषय पहिल्यांदा तिनेच काढला आहे, अशी परिस्थिती असेल तर नीतीच्या कसोटीवर ही वाट तिन्हींत चांगली ठरू शकते. या पाच गोष्टींपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या घरात विषय जोडप्याने किंवा सासूने काढला, तिथे बाकीच्या चार गोष्टी असूनही मी थांबेन.

शारीरिक जोखमीबाबत घरात फार हलकेपणाने बोलले जाते. ‘तिची दोन बाळंतपणे झालीच आहेत, तिसऱ्याचे काय’ हे चूक आहे. दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीच्या गर्भारपणापेक्षा जास्त असतो. सर्वसाधारणपणे एकच भ्रूण ठेवावा आणि विशेष परिस्थितीत तीनपर्यंत, असा नियम आहे. जुळे राहिल्यास धोका आणखी वाढतो, तेव्हा ‘एकदाच दोन झाली तर बरे’ हा जोडप्याचा आग्रह तिच्या शरीरावर जाऊन पडतो. जोडप्याने किंवा दवाखान्याने तिला गर्भपाताची सक्ती करता येत नाही, हेही सर्वांनी आधीच समजून घ्यावे. घरी लहान मुले असलेल्या बाईच्या नऊ महिन्यांच्या कामाचे काय, तिच्या मुलांचा डबा कोण करणार, तिच्या रोजंदारीचे काय, हे प्रश्न परोपकाराच्या गोड वातावरणात विचारले जात नाहीत. तिला मेहनताना देता येत नाही, पण तिच्या घरची कामे वाटून घ्यायला कायदा आड येत नाही.

मुलाच्या बाजूने

मुलाचा विचार करताना आधी कायदा पाहावा. भारतात वैध मार्गाने सरोगसीतून जन्मलेले मूल जोडप्याचे स्वतःचेच मूल मानले जाते आणि त्याला नैसर्गिक मुलाचे सर्व हक्क असतात. हे संरक्षण का लागते, ते २००८ च्या मांजी यामादा प्रकरणाने दाखवले. जपानी जोडप्याचा घटस्फोट बाळाच्या जन्माआधीच झाला आणि आणंदमधील सरोगेट मातेच्या पोटी जन्मलेल्या मुलीचा कागदोपत्री वाली कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी जर्मन जोडप्याच्या जुळ्यांच्या नागरिकत्वाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. दोन्ही वेळी मोठ्यांच्या करारात ज्याची सही नव्हती त्यालाच भुर्दंड पडला.

नात्यातल्या सरोगसीत मुलाला कधी सांगायचे, हा प्रश्न वेगळ्या रीतीने कठीण होतो. मराठवाड्यातील गावात हे गुपित राहत नाही. काकूच्या पोटी वाढलेल्या मुलाला शाळेतल्या पोराकडून कळण्यापेक्षा घरातून आणि लवकर कळलेले बरे. सांगायची तयारी नसेल, तर नात्यातली सरोगसी निवडू नये.

दत्तकाची वाट

आपल्याकडे दत्तक म्हणताच अनेकांच्या मनात दिराचे किंवा भावाचे मूल ओटीत घेणे येते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ अन्वये हे होऊ शकते. मूल सामान्यतः १५ वर्षांखालील असावे, मुलगा घ्यायचा तर आधी मुलगा नसावा, मुलगी घ्यायची तर आधी मुलगी नसावी, आणि एकदा वैधरीत्या झालेले दत्तक रद्द होत नाही. यातही भीड असते, आणि ती सरोगसीपेक्षा कमी असते असे मी म्हणणार नाही. इथे तर आईला स्वतःच्या पोटचे, नऊ महिने वाढवलेले मूल द्यायचे असते. या कायद्याच्या कलम १७ नुसार दत्तकाबद्दल पैसे देणे-घेणे गुन्हा आहे, आणि गेली सत्तर वर्षे त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दत्तकात मोबदला नको हे सर्वांना पटते, मग सरोगसीतच तो का असावा, असा युक्तिवाद बंदीच्या बाजूने केला जातो. तो मला अर्धाच पटतो. दत्तकात मूल आधीच जगात असते आणि पैसा त्या मुलाची किंमत होतो. सरोगसीत पैसा श्रमाचा असू शकतो, आणि वर म्हटल्याप्रमाणे मूल हाती आल्यावरच देय होणारा असेल तर तोही मुलाची किंमतच होतो.

संस्थेतून दत्तक घ्यायचे तर केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बाल न्याय अधिनियमाखालची ही वाट कोणत्याही धर्माच्या जोडप्याला खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, त्यामुळे मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबांनाही ती उपलब्ध आहे. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांखालच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल करतो, आणि दत्तकाचा आदेश २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. निरोगी तान्ह्या बाळासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. मोठ्या वयाच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी ती कमी असते.

नीतीच्या दृष्टीने या वाटेचा एक गुण फारसा बोलला जात नाही. मूल सोडणाऱ्या आईला बालकल्याण समितीपुढे लिहून दिल्यानंतरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. म्हणजे तिचा ‘नको’ प्रसूतीनंतरही जिवंत राहतो. ब्रिटनमध्ये सरोगसीतही जन्म देणारी स्त्रीच कायद्याने आई असते, आणि बाळ सहा आठवड्यांचे होईपर्यंत तिने दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. आपल्या सरोगसी कायद्यात मात्र रोपणानंतर तिच्या हाती काही उरत नाही. बाळात तिचे बीज नाही, म्हणून हे न्याय्य आहे, असे त्याचे समर्थन केले जाते. मला ते बऱ्याच अंशी मान्य आहे, कारण नऊ महिने वाट पाहिलेल्या जोडप्यालाही अनिश्चिततेत टांगून ठेवता येत नाही. पण मग रोपणाआधीचा काळ अधिक सावकाश आणि अधिक खासगी असायला हवा.

तोलून पाहता

केवळ रक्ताचे नाते हवे हा आग्रह सोडता येत असेल, तर संस्थेतून दत्तक ही तिन्हींत कुणावरही सर्वांत कमी भार टाकणारी वाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आग्रह सुटत नसेल तर त्याबद्दल कुणी अपराधी वाटून घेऊ नये. तो आग्रह जुना आहे, आणि वांझ म्हणून हिणवल्या गेलेल्या बाईला तो सोडण्याचा उपदेश करणे सोपे नाही. अशा जोडप्याने नात्यातली सरोगसी वरच्या पाच गोष्टी जुळल्या तरच निवडावी. पैसे देऊन करायची सरोगसी नियमांत बांधून, रोपण-प्रसूतीच्या निकालाशी न जोडलेल्या भरपाईसह, खुली व्हावी असे मला वाटते. ती होईपर्यंत इथे पैशाने केलेली सरोगसी त्या बाईला सर्वांत उघड्यावर टाकते.

नात्यातल्या वाटेवर जायचे ठरले, तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कागद नेण्यापूर्वी एक व्यवस्था करून घ्यावी. सरोगेट होणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या पसंतीच्या, जोडप्यावर उपचार न करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि समुपदेशकाला एकटीने भेटावे, नवरा आणि सासू बरोबर नसताना. जिवंत अवयवदात्यांच्या बाबतीत काही प्रत्यारोपण केंद्रे पाळतात ती रीत इथे जशीच्या तशी घेता येते. तिने आतल्या खोलीत ‘नको’ म्हटले, तर बाहेर घरच्यांना एवढेच सांगितले जाते की तपासणीत ती यासाठी योग्य ठरली नाही. कारण कुणी विचारायचे नाही, विचारले तरी डॉक्टरांनी सांगायचे नाही, आणि ही गोष्ट जोडप्याने आधीच मान्य करायची. तिला या व्यवस्थेची माहिती पहिल्या भेटीआधी दिली गेली पाहिजे, आणि अर्जावरची तिची सही त्या भेटीनंतर काही आठवडे जाऊ देऊन मगच घ्यावी.